पोटावरची ऊब

बस उतारावर करकचून थांबली तेव्हा दासोमचा हात माझ्या पोटावर येऊन टेकला. कोबीनं भरलेली हातगाडी ढकलत एक म्हातारी अचानक आडवी आली होती. ड्रायव्हर खिडकी उघडून तिच्यावर ओरडत होता आणि ती त्याच्याहून वरच्या पट्टीत त्याचे संस्कार काढत होती. बुसानच्या यॉंगदो बेटावरच्या चढउतारांवर फिरणाऱ्या या छोट्या हिरव्या बसमध्ये असे हिसके रोजचेच. कुणी कुणाच्या अंगावर कलंडतं, कुणी माफी मागतं, कुणी हसतं, आणि बस पुढच्या वळणाला लागेपर्यंत सगळे पुन्हा एकमेकांना परके होऊन जातात. पण दासोमचा हात तिथंच राहिला. बसमधल्या हीटरमुळं मी कोटाची बटणं सोडली होती. तिचा तळवा आणि माझं आतडं यांच्यामध्ये आता एक स्वेटर, एक बनियन आणि पिशवीचा पातळ पापुद्रा एवढंच उरलं होतं. पिशवी अर्धी भरलेली होती. कोमट होती. माझ्या इच्छेला न विचारता माझ्या देहानं निर्माण केलेली ती ऊब तिच्या बोटांना कळली आहे, हे तिच्या चेहऱ्याकडे न बघताही मला समजलं.

"अरे! पुडी लावलीयस?" ती म्हणाली.

थंडी सुरू झाली की आमच्याकडे निम्मी माणसं कपड्यांच्या आत उबेची पुडी चिकटवून हिंडतात. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते ती. वेष्टन फाडलं, थोडी हलवली की तापते आणि दिवसभर पोटाशी एखाद्या पाळलेल्या जिवासारखी पडून राहते. दासोमला दुसरं काही वाटण्याचं कारणच नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

"आणि मला सांगितलंही नाहीस! लबाड कुठला. माझे हात बघ, नुसता बर्फ झालाय." आणि तिनं दुसराही हात तिथं आणून ठेवला.

मी श्वास रोखून धरला. नेहमी मी तिला माझ्या डावीकडे ठेवतो. चालताना, उपाहारगृहात बसताना, सिनेमाच्या अंधारात, समुद्राकाठच्या बाकावर, सगळीकडे. उजव्या बाजूचा प्रदेश मी इतक्या शिताफीनं राखत आलो होतो की एकदा तिनं थट्टेनं विचारलं होतं, तुझा उजवा कान खराब आहे का रे? आज बसमध्ये एकच बाक रिकामा होता आणि ती खिडकीशी, माझ्या उजवीकडे बसली. ऑपरेशननंतरच्या इतक्या वर्षांत माझ्या आणि नर्सच्या हाताखेरीज तिथं कुणाचाही हात पोचला नव्हता. आणि आता ती तिथं चक्क हात शेकत होती, चुलीपाशी बसलेल्या माणसासारखी, निवांत. मला किळस आली, ती तिची नव्हे, माझीही नव्हे, त्या निवांतपणाची. आणि त्याच वेळी, हे कबूल करायला मला फार जड जातं, तिनं हात काढू नये असंही वाटत होतं.

बाजाराच्या थांब्यावर उतरताना तिनं माझ्या बाहीला धरून थांबवलं. "बरं ऐक, बाबांचा निरोप आहे. रविवारी सकाळी आंघोळीला चल म्हणालेत. पहिल्या पाण्याला."

"कोण, मी?"

"नाही, ड्रायव्हर."

"तू काय म्हणालीस मग?"

"मी काय म्हणणार? येईल म्हणाले." ती क्षणभर गंभीर झाली. "इनसू, त्यांनी आजवर कुणालाच विचारलेलं नाही. ताईच्या नवऱ्यालासुद्धा नाही. तो सोलचा, घरातल्या घरात शॉवर घेतो. बाबा त्याला माणसांत धरत नाहीत." मग मान दुसरीकडे वळवून, मासळीच्या टपांकडे बघत ती म्हणाली, "आणि शनिवारी मी तुझ्या खोलीवर येणारे. शेवटची बस, डोकेदुखी वगैरे या खेपेला ऐकून घेणार नाही. कारण मग मला जे समजायचं ते मी समजेन."

ती गेली. मी टपांसमोर उभा राहिलो. एका टपात समुद्रातले ते लाल, गाठाळ, पिळदार जीव पाण्यात बसले होते, ज्यांना चिरून कच्चंच खायला दासोमला फार आवडतं. त्यांच्या अंगाला दोन तोंडं असतात. हात लावला की आक्रसतात आणि पाण्याची चिळकांडी उडवतात. विकणारी बाई म्हणाली, "घ्यायचंय का नुसतं बघायचंय? बघून बघून ते म्हातारे झाले." मी मान हलवली आणि चालू लागलो. माझ्या पोटावर, बेंबीच्या उजवीकडे, तसंच एक तोंड आहे. लाल, ओलसर, कायम जागं. डॉक्टरांनी त्याला फुलाची उपमा दिली होती, बहुधा आईला धीर यावा म्हणून. त्याला वेदना कळत नाही, पण ते आपणहून हलतं. आक्रसतं, उमलतं, कधी सुस्कारा सोडतं. त्याला झोप नाही आणि लाज नाही. त्याच्या वाटणीची लाज मलाच सांभाळावी लागते.

आंघोळीच्या आमंत्रणाचा अर्थ काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्या माणसाला मुलगी द्यायची त्याच्याबरोबर सोजू पिता येतो, त्याला जेवायला बोलावता येतं, त्याच्या पगाराची चौकशी करता येते. पण ज्याच्यापुढे उघडं बसून आपली पाठ त्याच्या हातात देता येते तोच खरा घरातला. काकांना, म्हणजे दासोमच्या वडिलांना, मुलगा नाही. घरात बायको आणि दोन मुली. बायकांचा हौद वेगळ्या मजल्यावर. सबंध आयुष्य ते जहाजदुरुस्तीच्या गोदीत वेल्डिंग करत राहिले आणि दर रविवारी आंघोळीला एकटे जाऊन त्यांनी यंत्राला पाठ दिली. आमच्या बुसानच्या सार्वजनिक न्हाणीघरांत भिंतीला एक गोल, फिरणारी, खरखरीत कापड चढवलेली चकती असते. कळ दाबायची आणि तिला पाठ लावून उभं राहायचं. ज्याची पाठ चोळायला कुणी नाही त्याच्यासाठी ती आहे. लहानपणी मला ते यंत्र फार गमतीचं वाटायचं. माझे वडील, अप्पा, मला त्याच्याजवळ जाऊ देत नसत. "त्याची गरज नाही आपल्याला," ते म्हणायचे, आणि हाताला हिरवा खरखरीत मोजा चढवून माझी पाठ अशी घासायचे की डोळ्यांत पाणी यायचं. मग माझी पाळी. त्यांची पाठ मला मैदानाएवढी वाटायची. करड्या मळाच्या वळ्या सुटायला लागल्या की मला विजय मिळवल्यासारखं वाटे. बाहेर येऊन दोघं केळ्याच्या स्वादाचं थंड दूध प्यायचो, आणि वाफेनं सैलावलेल्या अंगांनी मिर्यांगच्या, आमच्या गावच्या, त्या रस्त्यावरून एकही शब्द न बोलता घरी यायचो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या रविवारी अप्पा दारात उभे राहिले, हातात टोपली घेऊन. काही क्षण ते माझ्या खोलीच्या दिशेनं बघत राहिले असावेत. मला फक्त त्यांच्या चपलांचा आवाज न होणं ऐकू आलं. मग ते एकटेच गेले. परत आल्यावर बनियन बदलताना मला त्यांची पाठ दिसली. बरोबर मधोमध एक लालभडक वर्तुळ उमटलं होतं.

त्या वर्तुळाबद्दल मी कधीच कुणाशी बोललो नाही. खरं तर मी कशाबद्दलच कुणाशी बोललो नाही. मी सागरी नकाशे काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करतो. दिवसभर पाण्याखालच्या जमिनीची खोली आकड्यांनी भरत असतो, आणि जिथं खडक असेल तिथं एक बारीक खूण करतो, म्हणजे जहाजांनी लांबून जावं. स्वतःच्या आयुष्यातही मी तेच केलं असावं. लोकांनी लांबून जावं अशी व्यवस्था. माझ्या देशात पुरुषांना लष्करी नोकरी सक्तीची; दोन पुरुष भेटले की नावानंतरचा दुसरा प्रश्न असतो, लष्करात कुठं होतास? मी म्हणतो, पोटाचं ऑपरेशन झालं होतं, सूट मिळाली. लोक मान डोलावतात आणि मनात काय समजायचं ते समजतात. काकांनीही पहिल्या भेटीत तोच प्रश्न विचारला होता. डुकराच्या हाडांच्या रश्शाच्या त्या दुकानात वाफेआडून ते ओरडले होते, ओरडले म्हणजे बोलले. गोदीतल्या ठोकाठोकीनं त्यांचे दोन्ही कान कधीच गेलेले आहेत. "पोटाचं? मग तू खात का नाहीस? खा! पोटाला काम दिलं की पोट सुधारतं!" आणि माझ्या वाटीत स्वतःच्या वाटीतलं मांस वाढलं. सगळं दुकान वळून आमच्याकडे बघत होतं. दासोम टेबलाखालून माझा पाय दाबत कुजबुजली, "तुझं नाव सोडून सगळं कळलं आता लोकांना." मी मांस अगदी बारीक चावून खाल्लं. बाजूला ठेवलेली मोड आलेली कडधान्यं, अळंबी, शेवाळाच्या पट्ट्या, यांपैकी कशालाही मी हात लावला नाही. ते सगळं माझ्या त्या अरुंद वाटेत अडकतं. दासोमला वाटतं, मी खाण्याच्या बाबतीत नखरेल आहे. तिला भेटायचं असेल त्या दिवशी मी सकाळपासून जवळजवळ काहीच खात नाही, हे तिला माहीत नाही. प्रेमात माणसाची भूक मरते असं म्हणणाऱ्यांना माझ्याइतका पुरावा कुणी दिला नसेल.

आमची ओळखही विचित्रच. ती दातांच्या दवाखान्यात काम करते. दात साफ करण्याची खुर्ची तिच्या ताब्यात असते. माझं नाव विचारण्याआधी तिनं माझं तोंड आतून पाहिलं होतं. "किती घट्ट दाबून धरता हो दात," ती मास्कमधून म्हणाली होती. "झोपेतसुद्धा कुणाशी भांडता का?" तेव्हा आम्ही अहो-जाहोवर होतो. नंतर पावसाळा संपता संपता ते गळून पडलं, आणि एकदा तिच्या घरच्या कोचावर, तिचे आईवडील गावाला गेलेले असताना, तिनं माझ्या स्वेटरच्या कडेला बोटं लावली. बोटं थंड होती, त्यांना जंतुनाशकाचा पुसट वास होता, आणि माझं सबंध शरीर त्या बोटांच्या दिशेनं झुकलं. आणि मी उठून उभा राहिलो. शेवटची बस, असं काहीतरी म्हणालो. जिन्यात मी थांबलो तेव्हा वर दार लागल्याचा आवाज आला नव्हता. ती दारातच उभी असावी. मला परत वर जावंसं वाटलं. पण तेव्हा मला मिरान आठवली. दासोमच्या आधी मी जिच्यात गुंतलो होतो ती मिरान. तिला मी फोनवर लिहून कळवलं होतं, खूप विचार करून, सभ्य भाषेत, वैद्यकीय शब्द वापरून. तिचं उत्तर फार प्रेमळ होतं. तब्येतीची काळजी घ्या, असं तिनं लिहिलं, आणि त्यानंतर काहीच लिहिलं नाही. मला तिचा राग आला नाही. एखाद्या दुकानाची पाटी वाचून माणूस पुढे जातो, तशी ती गेली. मात्र त्या दिवसापासून मला प्रेमळ वाक्यांची भीती बसली.

तेव्हा गुरुवारपासून शनिवारपर्यंत मी बहाणे जमवत राहिलो. सर्दी. कामाचा ताण. अप्पांची तब्येत. एकदा तर असंही मनात आलं की पाठीवर गोंदलंय म्हणून सांगावं. पण गोंदलेल्या माणसाला आमच्याकडे गुंड समजतात, आणि काका मला गुंड समजलेले परवडतील की पोटावर तोंड असलेला माणूस, याचा हिशोब मी कचेरीत बसून बराच वेळ करत राहिलो. एका बंदराच्या तोंडाशी मी खडकाची खूण चुकीच्या जागी केली आणि ती खोडली. काच जुनी होती, खिडकीतून वारा येत होता. समोरच्या डोंगराच्या अंगावर घरं एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन उभी होती. प्रत्येक घरात कुणीतरी कुणाच्या तरी अंगाला अंग लावून बसलं असेल असं उगाच वाटत राहिलं. इतकी साधी गोष्ट. पोटाला पोट लागणं. कुत्री, मांजरं, बसमधले अनोळखी लोक, सगळ्यांना जमते ती. बसमधल्या त्या तळव्याची आठवण माझ्या उजव्या बाजूला चिकटून राहिली होती. पिशवी बदलताना, जुनी सोलून काढून कोमट पाण्यानं कातडी पुसताना, मी प्रथमच त्या जागेकडे असं बघितलं की इथं कुणीतरी हात ठेवला होता. चुकून का होईना. पुडी समजून का होईना.

शनिवारी दुपारी ती आली. मी सकाळीच नवी पिशवी लावली होती. सामानाचं खोकं कपाटात रजयांच्या मागे ढकललं होतं. तिच्या हातात संत्र्यांची जाळी आणि कागदात बांधलेल्या, माशाच्या पिठाच्या गरम वड्या होत्या. बूट काढता काढता ती खोलीभर नजर फिरवून म्हणाली, "एवढी स्वच्छ खोली? कुणाचा खून केलायस का इथं?" मी हसलो. आमच्याकडे जमिनीखालून गरम पाण्याचे नळ जातात; जमीन चांगली तापली होती. खालून उष्णता चढत होती, आणि ती लगेच मांडी घालून, तळवे जमिनीला लावून बसली, डोळे मिटून, मांजरीसारखी. आम्ही संत्री सोलली. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. मी पुन्हा तिच्या उजवीकडे बसण्याची खटपट करत होतो आणि ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती उठली, वळसा घालून माझ्या उजवीकडे येऊन बसली, आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. मग तिचा हात आला. सावकाश, ओळखीच्या जागी परत यावा तसा. आणि थांबला.

"इनसू," ती म्हणाली, "जमीन एवढी तापलीय, आणि तू घरात पुडी लावून बसलायस?"

त्या प्रश्नात काहीही नव्हतं. थोडं हसू होतं, थोडं नवल. हो म्हणता आलं असतं; मला थंडी फार वाजते म्हणता आलं असतं. बहाण्यांचा तीन दिवसांचा साठा होता माझ्याजवळ.

"पुडी नाही ती."

"मग?"

मी समोरच्या भिंतीशी बोललो. ऑपरेशन झालं म्हणालो होतो ना, ते. मोठं आतडं सडत चाललं होतं, ते काढलं. लहान आतड्याचं टोक पोटातून बाहेर आणून ठेवलंय. तिथं पिशवी लावावी लागते. कायमची. बसमध्येही तीच होती. वाक्यं तुटक येत होती आणि मला आश्चर्य वाटत होतं की ती इतकी थोडी आहेत; इतक्या वर्षांचं ओझं एवढ्याशा शब्दांत मावत होतं. तिचा हात माझ्या पोटावरून निघाला. तो निघाला त्या क्षणी तिथं थंडी वाजली.

"बसमध्ये तू हो म्हणालास," ती म्हणाली.

"तू इतक्या सहज विचारलंस, की..."

"मी तिथं हात शेकत बसले होते, गाढवा! आणि तू गप्प!" तिचा आवाज फाटला, ती हसते आहे की रडते आहे ते मला कळेना. "आणि तो कोच? ती शेवटची बस? मी किती दिवस काय समजत होते माहितीय? की तुला मी नकोच आहे. तशी. रात्रीचं जेवण सोडलं मी. आरशासमोर उभी राहून स्वतःला नावं ठेवत होते. आईला विचारलं, माझ्या तोंडाला वास येतो का. दातांच्या दवाखान्यातली मी!"

मी तिच्याकडे बघितलं. माझ्या भीतीत तिच्यासाठी जागाच ठेवली नव्हती मी, हे मला तेव्हा दिसलं. मी राखलेल्या त्या प्रदेशाच्या कुंपणाबाहेर ती इतके दिवस एकटी उभी होती आणि मला वाटत होतं की एकटा मीच आहे.

"दाखव," ती म्हणाली.

मी स्वेटर वर केला. पिशवीला कातडीच्या रंगाचं कापडी आवरण असतं. त्याची घडी उचलली की आत बघायला एक पारदर्शक खिडकी. मी घडी उचलली. ती पुढे वाकली, भुवया किंचित आक्रसून, अगदी तशी जशी माझ्या तोंडावर वाकली होती त्या पहिल्या दिवशी. मी वाट बघत होतो एखाद्या प्रेमळ वाक्याची, आणि आतल्या आत आक्रसत होतो.

"गालाच्या आतल्या बाजूसारखं आहे," ती शेवटी म्हणाली. मग उठली. "मी हात धुऊन येते."

न्हाणीचं दार लागलं. नळ सुरू झाला. मी स्वेटर खाली ओढला नाही. तसाच बसलो, पोट उघडं टाकून, सालं काढलेल्या संत्र्यांसमोर. हात धुऊन येते. याहून सभ्य रीतीनं कुणी दूर गेलं नसतं. पाण्याचा आवाज थांबेना. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, मनगटं, ती शिकल्याप्रमाणे नीट घासत असेल. बसमधला तो स्पर्शही आता धुऊन निघत असेल. मी मनाशी तिची वाक्यं रचू लागलो, निरोपाची, म्हणजे ती बोलेल तेव्हा मला ती आधीच ओळखीची वाटावीत. उद्या काकांना काय सांगायचं तेही ठरवलं. सर्दी. सर्दीच बरी. बाहेर गल्लीत कुणीतरी भंगार घेत हिंडत होतं; जुने पंखे, जुने टीव्ही, बिघडलेलं काहीही, असं कर्ण्यातून सांगत.

दार उघडलं. तिची बोटं लालबुंद झाली होती आणि त्यांतून वाफ निघत होती.

"तुझ्याकडे गरम पाणी यायला किती वेळ लागतो रे! घरमालकाला सांग जरा." ती गुडघ्यांवर बसली. "थंड हात लावला असता तर दचकलं असतं ना ते."

आणि तिनं हात ठेवला. पिशवीवर आधी, मग तिच्या कडेनं, चिकटपट्टी जिथं संपते आणि माझी कातडी सुरू होते तिथं. तिच्या हाताखाली ते हललं. मला ते कळत नाही, त्याला संवेदना नाही. पण तिच्या डोळ्यांत मला ते हललेलं दिसलं. मग त्यानं गुरगुर केली, लांबलचक, अगदी निर्लज्ज.

"काय म्हणालं?"

"भूक लागलीय."

"मालकासारखंच. सकाळपासून काही खाल्लं नसशील." तिनं वडीचा एक तुकडा तोडून माझ्या तोंडात कोंबला. थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "मला थोडी भीती वाटतेय, हां. वाटत नाही असं नाही म्हणणार."

"मलाही."

"तू तर कसलीही भीती बाळगतोस. तुझं सोड." आणि तिनं स्वतःच्या ब्लाउजचं बटण सोडलं.

त्या दुपारबद्दल मला फार लिहिता येणार नाही. आम्ही अवघडलेले होतो. कुठं हात ठेवावा, कुठं भार टाकावा, हे तिनं दोनदा विचारलं आणि मी दोनदा चुकीचं उत्तर दिलं. एकदा पिशवी आमच्या मध्ये चुरगळून कागदासारखी वाजली आणि ती हसली, तिचं हसू माझ्या गळ्यापाशी गरम लागलं. जमिनीची ऊब खालून, तिची वरून. मधला मी कुठं संपतो ते मला काही क्षण समजलं नाही. पण त्याही क्षणांत मनाचा एक कोपरा जागाच होता, कान टवकारून, पट्टीची कड सुटली तर नाही ना, हे बघत. तो कोपरा कधी झोपेल असं वाटत नाही. तिनं तो ओळखला असावा. "आहे सगळं जागेवर," ती मध्येच म्हणाली. "मी बघितलं."

संध्याकाळी निघताना, बूट चढवता चढवता तिनं विचारलं, "उद्या?"

"तू काकांना सांगशील का?"

"मी? मुळीच नाही. मला पुडी म्हणून फसवलंस, त्यांना तुझं तूच सांग." आणि मग गालातल्या गालात हसत, "शिवाय बाबांना काही सांगायचं म्हणजे ओरडावं लागतं. माझा घसा बसलाय."

रविवारी उजाडताना मी न्हाणीघराच्या उंच धुराड्याखाली उभा होतो. समुद्रावरून येणारा वारा गल्लीत शिरून चढावर धापा टाकत होता. कोपऱ्यावरची वड्यांची टपरी उघडत होती; टपरीवाली मोठ्या पातेल्यातला रस्सा ढवळत होती. वरून काका आले, हातात प्लास्टिकची टोपली, टोपलीत दोन हिरवे मोजे, कोरे, वेष्टनसुद्धा न फाडलेले.

"काय जावईबापू! उठलास वेळेवर!"

"काका, आत जायच्या आधी एक सांगायचंय," मी म्हणालो.

"काय?"

"माझं ऑपरेशन झालं होतं, त्यात..."

"मोठ्यानं बोल! माझ्या कानांत अजून जहाजं ठोकतायत!"

मी आजूबाजूला बघितलं. दोन म्हातारे टोपल्या घेऊन आत चालले होते. टपरीवालीचा डाव हवेत थांबला होता. जी गोष्ट मी डॉक्टरांपुढेही कुजबुजत आलो, अप्पांपुढे तर कधीच उच्चारली नाही, ती या गल्लीत, या थंडीत ओरडून सांगायची होती. आवाज निघाला तो इतका मोठा की मलाच परका वाटला.

"माझ्या पोटाला पिशवी आहे! आतडं बाहेर आहे! कायमचं! सगळं त्या पिशवीत येतं!"

आवाज चढावरून वर गेला आणि घरांवर आपटून खाली आला. दोघे म्हातारे दारातच थबकले. काका माझ्या पोटाकडे बघत राहिले, मग तोंडाकडे.

"दुखतं?"

"नाही!"

"पाण्यात चालतं?"

"चालतं!"

"दासोमला माहितीय?"

"काल सांगितलं!"

त्यांनी थोडा विचार केला. वाऱ्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मग सकाळी सकाळी ओरडतोस कशाला?" ते ओरडले. "पाठ धड आहे ना?"

"आहे."

"मग चल. लोकांनी पाणी मळवायच्या आत."

आत वाफ होती. माणसांनी बघितलं, बघितलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. एकानं आपला बसायचा पाट थोडा लांब सरकवला. माझे कान तापले, आणि मी उजव्या हातानं पिशवी झाकून चालत राहिलो. भिंतीवरचं ते गोल यंत्र लागलं. काका त्याच्याकडे ढुंकूनही न बघता पुढे गेले, नळाशी बसले, आणि माझ्याकडे पाठ केली. रुंद, उतरत्या खांद्यांची, ठिणग्यांच्या जुन्या डागांची पाठ. तिच्या मधोमध, हात पोचत नाही त्या जागी, कातडी रापून गोल काळपट झाली होती. मी मोजा चढवला. मोजा घालायचा म्हणजे पिशवीवरचा हात काढावाच लागला. पहिली करडी वळी सुटली तेव्हा काकांनी समाधानाचा हुंकार दिला, आणि मला वाटलं, मिर्यांगमध्ये आत्ता, याच वेळी, अप्पा टोपली घेऊन निघाले असतील.